रॉकेलचा डाग

"फ्लेक्स आणलाय ना? मग इकडून नाही. मागच्या दारानं जा. इथून पाहुणे येतायत."

जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात, दारातल्या टेबलामागं बसलेली मुलगी मला हे म्हणाली. वाईट बोलली नाही. हसूनच बोलली. माझ्या काखेत कागदांची लांब गुंडाळी होती, अंगावर साधा ड्रेस होता, चेहरा आमच्या वस्तीतल्या माणसांसारखा होता. तिनं हिशेब केला आणि मला दार दाखवलं.

लाज त्याची नाही. लाज याची, की मी गेले. पाय आपोआप वळले. भटारखान्याच्या दारापर्यंत गेल्यावर कांदे सोलणाऱ्या बाईनं विचारलं, "कुणाकडं आलात?" तेव्हा भानावर आले. परत फिरले. टेबलापाशी उभी राहून म्हणाले, "माझी नोंदणी आहे. मी परिषदेला आले आहे."

"अय्या, सॉरी हं." तिनं गळ्यात घालायचा पास दिला. वर माझं नाव. खाली 'संस्था', आणि पुढं कोरी रेघ.

मी गारखेड्यात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवस, दहावा, उद्घाटन. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे चिकटवते आणि घरी येऊन अक्षरं काढते. तीन वर्षं खपून मराठीचा एक फॉन्ट केला होता. कुणाला दाखवणार? दुकानात म्हणतात, आहेत ना शंभर फॉन्ट. घरी वडिलांना, अण्णांना, मोतीबिंदू. ल ची वाटी किती वळवावी, यावर बोलायला अख्ख्या शहरात मला एक माणूस नव्हता. म्हणून अक्षरं काढणाऱ्या लोकांची परिषद आपल्याच गावात भरते आहे हे कळलं, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. वाटलं, आता माझी माणसं भेटणार.

चहाच्या वेळी एका घोळक्यात जाऊन उभी राहिले. एकीनं विचारलं, "तू कुठली?"

"गारखेडा."

"तसं नाही गं. कॉलेज कुठलं?"

मी सांगितलं, कॉलेज नाही. ती "अच्छा" म्हणाली आणि तिची पाठ हळूच माझ्याकडं झाली. कप हातात घेऊन मी लॉबीत गेले. तिथं हिमरू शाल विणणारे एक आजोबा मागावर बसवले होते. लोक त्यांच्या मागं उभं राहून स्वतःचे फोटो काढत होते. आजोबांच्या गळ्यात पास नव्हता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान खाली घातली.

दुपारच्या आधी पुण्याहून आलेले एक नामांकित डिझायनर बोलायला उभे राहिले. सगळे त्यांना सर म्हणत होते. विषय होता रस्त्यावरच्या जुन्या पाट्या. पडद्यावर एकेक फोटो येत होता. चौथा की पाचवा फोटो आला आणि मी खुर्चीत पुढं सरकले.

सिल्लोडच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानाची पाटी. निळ्यावर पिवळी अक्षरं. 'भांडार' मधल्या भ ची गाठ खालून वर घेतलेली. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस घ्यायचा.

सरांनी पाटीचा उजवा कोपरा मोठा करून दाखवला. तिथं पिवळट धुरकट डाग होता. "हा कोपरा बघा," ते म्हणाले. "उन्हापावसानं इथं काय सुंदर काम केलंय. कुणा अनाम लोककलाकाराची ही पाटी. तिच्यावर जणू काळानं आपली सही केली आहे."

सभागृहात "वा" झालं. शेजारच्यानं फोटो काढला.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा. दसऱ्याचा आदला दिवस. अण्णा शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. पाटी पुरी झाली की पेंटर कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतो. सगळे टाकतात, तेवढीच त्याची जाहिरात. अण्णांनी लिहिलं, 'पेंटर सांडू'. मालक बाहेर आले. कमरेवर हात ठेवून पाटी पाहिली. खूश झाले. मग कोपरा दिसला.

"सांडू, उद्या पूजा हाय पाटीची. मी हार घालणार तिला. तिच्यावर तुझं नाव? पूस ते."

"मालक, समदेच लिहित्यात."

"समदे म्हंजे कोण? तुझी वस्ती कोणची, बाजाराला म्हाईत नाय व्हय? पूस."

समोरच्या हॉटेलातली माणसं बाकड्यावर बसून बघत होती. एक जण हसला. अण्णांनी फडक्याचा बोळा रॉकेलात बुडवला आणि ओला रंग पुसला. रॉकेलचे थेंब माझ्या डोक्यावर पडले. मी शिडी सोडली नाही. तो वास मला अजून येतो, गाडीत पेट्रोल भरतानासुद्धा.

सभागृहात मी बसून होते. सांगू की नको? सांगितलं तर जात सांगावी लागणार, आणि मग हे लोक मला कधीच आपल्यात घेणार नाहीत. सकाळपासून कुणी धड बोललंही नव्हतं, पण आशा होती. खरं सांगते, मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मग सर त्या डागाबद्दल पुन्हा बोलले. म्हणाले, असा पोत ठरवून आणता येत नाही.

मी उभी राहिले. माइक मागितला नाही.

"सर, ते ऊन-पाऊस नाही. रॉकेल आहे."

"काय?"

"तिथं माझ्या वडिलांचं नाव होतं. पूजेच्या पाटीवर आमच्या जातीच्या माणसाचं नाव नको म्हणून मालकानं त्यांच्याच हातानं पुसायला लावलं. शिडी मी धरली होती. ते अनाम नाहीत. लोककलाकार पण नाहीत. पेंटर आहेत. सांडू नाव आहे त्यांचं."

मग सरांचा चेहरा उजळला.

"अरे, काय जबरदस्त गोष्ट आहे ही! वडील आहेत ना? उद्या आणा त्यांना. लॉबीत टेबल टाकू. ते अक्षर काढतील, लोक बघतील."

टाळ्या पडल्या. सकाळी मागच्या दारानं पाठवलं होतं, आता लॉबीत बसवत होते. मला मागावरचे आजोबा दिसले.

"लॉबीत नाही," मी म्हणाले. "तुमच्या शेजारी खुर्ची टाकणार असाल तर विचारते त्यांना."

सर हसले. "अहो, कार्यक्रम आधीच ठरलेला असतो."

"मग नाही येणार ते."

खाली बसले. पुढचा फोटो आला, व्याख्यान चालू राहिलं.

जेवताना माझ्या टेबलावर कुणी आलं नाही. वरण-भात गिळत होते. तेवढ्यात हातात ताट घेऊन एक मुलगी समोर उभी राहिली. रफिया नाव. शहागंजात राहते, निकाहाच्या पत्रिकांवर उर्दू अक्षरं काढते.

"बैठूं क्या? मेरे दादा कातिब थे. उर्दू पाट्या लिहायचे. उनका बी नाम कोनेमें रहता था." मग गुंडाळीकडं बोट करून म्हणाली, "इसमें क्या है, दिखाव ना."

ताटं बाजूला सारून मी कागद पसरले. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बाजी, ये ल का पेट जरा भारी हो गया. बाकी एक नंबर."

तीन वर्षांत माझ्या अक्षराला नावं ठेवणारं हे पहिलं माणूस. मला रडूच आलं. तिनं कागदी रुमाल पुढं केला आणि ल कुठं हलका करायचा ते त्याच्यावरच काढून दाखवलं. अख्ख्या परिषदेत मला एक माणूस मिळालं. बाकीचे तीनशे जण आपापल्या घोळक्यात होते आणि संध्याकाळी मी एकटीच रिक्षानं घरी आले.

अण्णांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. सरांचं, टाळ्यांचं त्यांना काही वाटलं नाही. एकच विचारलं.

"डाग दिसतोय का अजून?"

"दिसतोय."

"दिसंलच. म्या मुद्दाम कच्चं पुसलं व्हतं."

इतकी वर्षं मला वाटायचं, त्या दिवशी अण्णा हरले. मी त्यांची कीव करत आले. आज कीव स्वतःची आली, मागच्या दारापर्यंत गेलेल्या माझ्या पायांची.

पासवर 'संस्था' पुढची रेघ कोरी होती. अण्णांचा बारीक ब्रश काढला आणि तिथं लिहिलं, 'पेंटर सांडू'. उद्या तोच घालून पुढच्या रांगेत बसणार आहे, रफियाच्या शेजारी.

आणि रविवारी सिल्लोडला जाणार आहे. पिवळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा घेतला आहे. शिडी तिथं भाड्यानं मिळेल. दुकानात आता मालकांचा मुलगा बसतो. त्याला सांगणार, विचारणार नाही. भर बाजारात, माणसं बाकड्यावर बसलेली असताना, त्या डागावर मी अण्णांचं नाव पुन्हा लिहिणार आहे. पुसायचं असेल तर या वेळी त्यानं स्वतः वर चढावं.

शिडी मी धरणार नाही.