आईच्या घागरीतला वाळा

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नवी घागर भरतात. यंदा पहिल्यांदाच आईची घागर होती. तिच्यात वाळ्याच्या मुळ्या घालायच्या, त्याही आमच्याच शेताच्या काठच्या, हा तिचा जन्मभराचा हट्ट. आमच्या खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणी वाळ्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच कुदळ घेऊन मी पूर्णा नदीवर गेलो.

काठावर काय असणार हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नववीत मी फार शहाणा होतो. नदी आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, खात होती. बेशरमीची झुडपं लावली की काठ टिकतो, गुरं तिला तोंड लावत नाहीत, असं कुठंतरी ऐकलं आणि रुळाजवळच्या नाल्यातून तिची कांडं तोडून सायकलवर बांधून आणली. खोचताना आई तांब्या घेऊन शेजारी उभी होती. पुढं जांभळी फुलं आली तेव्हा मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

मग वाळूतलं काशीचं गवत गेलं. भाद्रपदातले त्याचे पांढरे तुरे दिसेनासे झाले, तरी मला काही वाटलं नाही. झाऊची झुडपं विरळ झाली. उरल्या जागेत विलायती बाभूळ घुसली. मी अकोल्याला नोकरीला लागलो होतो. सुटीत आलो की आईनं खणून ठेवलेली वाळ्याची जुडी दर वर्षी बारीक झालेली दिसायची. त्याबद्दल मी कधी बोललो नाही. लाज वाटायची, दुसरं काही नाही. धुरा तर नदीनं नेलाच.

त्या दिवशी दुपारपर्यंत खणलं. हाती लागली ती बेशरमीची मुळं. शेवटी अकोल्याच्या बाजारातून वाळा आणला. वासाला बरा होता.

घागर भरताना शेजारची काकू आली. ती आईची जुनी मैत्रीण. मुळी हुंगून तिनं बाजूला ठेवली आणि हा नदीचा नाही म्हणाली. तिथं आता उरलाच नाही, असं मी सांगितलं. बेशरम पुरानं आणली असं गावात सगळे म्हणतात. हे आधी कोण म्हणालं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"काकू, बेशरम पुरानं नाही आणली. मी लावली."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "पुराचं नाव तुह्या मायनंच काढलं. पोराले कोनी बोल लावू नये म्हने."

मी घागरीवर झाकण ठेवलं. शेवटचे दोन उन्हाळे आई बिनवाळ्याचं पाणी पीत होती. आताशा तो वास सोसत नाही, असं तिनं मला सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानलं होतं.