व्वार दीरच्या दिवशी

काल लेकीच्या नावाने ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलं. तिने विचारलं, "बाबा, व्वार दीर म्हणजे काय?" ज्यूरी निवडण्याआधी कोर्टात शपथेवर होतात ती प्रश्नोत्तरं. शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ खरं बोलणं. तो ऐकला की अजून माझं डोकं तापतं.

बारा वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीतल्या कोर्टात त्यासाठीच बसलो होतो. गारठवणारा एसी, फिनाइलचा वास. समोर मानेला पट्टा लावलेली एक सफाई कामगार बाई होती. दुकानातल्या ओल्या फरशीवर पडल्याची भरपाई तिने मागितली होती. खटल्याची माहिती दिल्यानंतरच्या छोट्या सुट्टीत माझ्या शेजारचा माणूस कॉफी फुंकत मला म्हणाला होता, "असल्या बायका मुद्दाम पडतात. मी तर एक सेंटही देणार नाही."

वकिलाने मला विचारलं, "तुम्ही निःपक्षपाती राहाल?" मी नीट विचार करून सांगितलं, "नव्वद टक्के." लोक हसले आणि मला घरी पाठवलं. शेजारचा "शंभर टक्के" म्हणाला आणि ज्यूरीत बसला. खोटारडा, हलकट माणूस. पार्किंगपर्यंत मी त्याला मनात शिव्या घालत गेलो.

लेकीने ऐकून घेतलं. "पण तू त्याचं ते बोलणं ऐकलं होतंस ना? अँड यू जस्ट लेफ्ट?"

"मला ते कोणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो.

त्या बाईला काय मिळालं, याची मी कधी चौकशी केली नाही. मला कोर्टातल्या त्या दिवसाच्या हजेरीचा पाच डॉलरचा चेक आला. तो मी बँकेत भरला.