दुसऱ्याच्या हातातली बॅट

समस्त क्रिकेटप्रेमी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लाकूड बघून बॅट कोणीही घेत नाही. पन्नाशीतला एक माजी कप्तान हे शपथेवर सांगतो आहे. कृपया टोप्या काढून ऐकावे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत आमच्या वाडीच्या टीमचा मी कप्तान होतो, तेही जेमतेम. आधीची बॅट मीच पसंत केलेली, का तर दांड्याला झकास लाल रबर होतं. पहिल्याच सामन्यात ती मोडली. "आता चुकलास तर कप्तान बदलू," असं टीमने तोंडावर सांगितलं होतं. रविवारी मांडवीच्या वाळूत शेजारच्या वाडीशी सामना, आणि आज शनिवार.

सकाळपासून खेळाच्या सामानाच्या दुकानात माझी ही चौथी फेरी. बरोबर आमचा विकेटकीपर. याच्या घरची फणसाची झाडं. नुसती टिचकी मारून फणस तयार झालाय की नाही ते सांगायचा. तीच विद्या तो बॅटवर चालवत होता.

एका बॅटवर नामांकित फलंदाजाचा फोटो चिकटवलेला. मी विरघळलो. याने कान लावून टिचकी मारली.

"कच्ची आहे."

दुकानदाराने दुसरी पुढे केली. "मुंबईची पोरं हीच नेतात." मी पुन्हा विरघळलो. टक्, टक्.

"ही पण कच्ची."

"अरे, खेळायचंय आपल्याला, गरे नाही काढायचे!" मी ओरडलो. बाहेर गेलो, सोडा प्यायलो, परत आलो, परत गेलो.

"बसा की हो कप्तानसाहेब," दुकानदार म्हणाला, "फरशी झिजली माझी."

बसतो कसला! सहाव्या फेरीला दारातून बघतो तर शेजारच्या वाडीचा कप्तान गल्ल्यापाशी उभा. हातात बॅट. दुकानदाराच्या डोळ्यांसमोर धरून पात्यावरून बोट फिरवतोय. लाल रबर, फोटो, मुंबईची पोरं, सगळं विसरलो. याला आवडली ना? मग हीच!

घातली झडप. बॅट ओढून घेतली, पैसे फेकले. "शेट, ही माझी!" कीपर टिचकी मारायला पुढे झाला, त्याचा हात मी झटकला. दुकानदाराने पैसे ज्या चपळाईने गल्ल्यात टाकले, तसा झेल आमच्या टीममध्ये कुणी जन्मात घेतला नव्हता.

रस्त्यावर येऊन मी बॅट हवेत गरगर फिरवली. कीपरने ती शांतपणे माझ्याकडून घेतली आणि पात्याला टिचकी मारली. पुन्हा मारली. त्याचा चेहरा उतरला.

"फुटका आवाज येतोय, मेल्या."

तेवढ्यात शेजारच्या वाडीचा कप्तान हसू दाबत बाहेर आला. ते काही दाबलं जाईना. शेवटी भर बाजारात तो ओरडला,

"अरे, तडा गेलाय म्हणून परत करायला आलेलो मी ती!"