बंद दारावरचा तळहात

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. दवाखान्यात भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या बायांना मीच दटावते. पण हे लिहिल्याशिवाय चैन पडेना...

मी मूळची अमरावतीची, अकोल्यात एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंग रूमची सिस्टर. शुगरवाल्यांच्या जखमा साफ करायला आमच्याकडे अल्ट्रासॉनिक मशीन आहे. पेनासारख्या दांडीचं टोक कंप पावतं आणि सलाइनच्या फवाऱ्याबरोबर सडलेला भाग सुटून येतो. त्या कंपनांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही.

आणि रहीमचाचा तर ठार बहिरे! अकोटच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात जन्मभर फिटर, कान तिथल्या आवाजानंच गेले. चालत्या मशीनवर तळहात टेकवून कुठं बिघाड आहे ते सांगायचे म्हणे. पायाच्या जखमेसाठी आमच्याकडे यायचे.

मार्चमधली गोष्ट, सकाळी अकराची. आत अंजनगावच्या एक मावशी होत्या. आमचे डॉक्टर सर मशीन चालवत होते, मी ट्रे धरून उभी. दार बंद. तेवढ्यात थाप पडली. उघडलं तर चाचा, तळहात अजून दारावरच.

"सिस्टर, टाचेकडं पाहा. मशीन तिथं अटकून राहिली. आत पोकळ हाय."

मी चिडलेच. बोटानं बाकडं दाखवलं आणि दार लावून घेतलं. सरांना सांगितलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी मावशींचा पाय घोट्यावरून काढावा लागला. टाचेच्या आत पू साठला होता. योगायोग, मी स्वतःला म्हटलं. झोप मात्र उडाली.

मे महिन्यात त्याच टेबलावर माझे बाबा होते, त्यांनाही शुगर. शेतात पायाला काहीतरी लागलं होतं. एक्स-रेत काही दिसलं नाही, पण जखम भरेना. सर म्हणाले, "आज शेवटचं साफ करून बघू. नाहीतर परवा पाय काढावा लागेल."

मशीन सुरू झालं... आणि दारावर थाप! मी ट्रे ठेवून दार उघडलं, चाचाच.

आत कोण आहे हे चाचांना माहीतही नव्हतं. म्हणाले, "करंगळीच्या मागं. काहीतरी रुतून हाय."

या वेळी मी सरांचा हातच धरला. "सर, तिथं उघडून बघा ना!" सर खेकसले, पण त्यांनी उघडलं. बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा निघाला. बाबा आता शेतात जातात.

सर म्हणतात, कंपनं दारापर्यंत पोचली असतील. मीही मशीन सुरू असताना दारावर हात ठेवून पाहिला, एकदा नाही, दहादा. हाताला काही म्हणजे काही जाणवत नाही. चाचांना कागदावर लिहून विचारलं, तर हसले. "मले काय मालूम, बेटा? हाताले समजते."

त्यांची जखम भरली, आता ते येत नाहीत.

परवा त्या अंजनगावच्या मावशी कुबड्यांवर ड्रेसिंगला आल्या. पट्टी बांधताना मला म्हणाल्या, "सिस्टर, त्या दिवशी दार कोन ठोकून राहिलं होतं वो?"

मी खाली मान घालून म्हटलं, "कोणी नाही, मावशी."