लग्नाच्या सेटिंगवर काढलेली मिरची

लॅपटॉपच्या स्क्रीनवर मिरची दिसत नव्हती. लाल रंगाचा एक सपाट पत्रा दिसत होता. पारसशेठनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनजवळ वाकले आणि पुन्हा मागे टेकून बसले.

"बेटा, हे काय काढलंस? कुंकू आहे का?"

"मिरची आहे, शेठजी."

"मला माहीत आहे मिरची आहे. माझीच आहे. पण चेन्नईवाल्याला कसं कळणार?"

कॅमेरा घेऊन चार दिवस झाले होते. दोन वर्षांच्या पगारातून वाचवलेलं सगळं त्यात गेलं होतं, आणि हे त्याचं पहिलं काम होतं.

"परवा सकाळपर्यंत दे," शेठ म्हणाले. "नाहीतर मी फोनवर काढून पाठवतो. तो थांबणार नाही."

इथे थोडं मागचं सांगते. पारसशेठ नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची घ्यायची, गावाबाहेरच्या मैदानात वाळवायची आणि बाहेरच्या मसाला कारखान्यांना विकायची, हा त्यांचा धंदा. वाळत घातलेल्या मिरचीच्या त्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. मी त्यांच्या ऑफिसात बाहेरच्या ग्राहकांना इंग्रजी ई-मेल लिहायचे. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ते काम मला मिळालं. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडलं.

त्या हंगामात पहिलीच गाडी चेन्नईहून परत आली. शेठनी फोनवर काढलेले फोटो पाहून त्यांनी माल मागवला होता. फोन लाल रंग आपल्या मनाने वाढवतो. फोटोत मिरची लालभडक होती, पोत्यात तेवढी नव्हती. माफीचा ई-मेल मीच लिहिला. तीन वेळा लिहून खोडला. शेवटी पाठवला आणि त्याच दिवशी शेठना म्हणाले, "फोटो मी काढू का? चांगल्या कॅमेऱ्याने."

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याशी प्रथमच बोलले असेन. तेही थोडे चमकले.

"कॅमेरा तुझा, मिरची माझी. जमलं तर प्रत्येक लॉटचे फोटो तूच काढायचे. त्याचे वेगळे देईन."

घरी पप्पांना सांगितलं. पप्पा ब्राह्मणपुरीला हायस्कूलमध्ये शिक्षक आहेत. वर्गात प्रमाण मराठी बोलतात, घरात अहिराणी. मला अहिराणी सगळी कळते, पण बोलायला गेलं की चुलतभाऊ हसतात, म्हणून मी बोलत नाही. पप्पांनी बी.एड.च्या प्रवेशाच्या माहितीची प्रिंट आधीच काढून आणली होती. ती टीव्हीच्या बाजूला ठेवत ते म्हणाले, "महिनाभर देख. नही जमनं ते बी.एड.ना फॉर्म भरी दे."

बी.एड. वाईट नाही. पण शिक्षिकेला दिवसभर चाळीस पोरांसमोर उभं राहून बोलावं लागतं. मला त्याच्या विचारानेच घाम फुटायचा. हे पप्पांना मी कधी सांगितलं नाही.

कॅमेरा घ्यायला नंदुरबारच्या एका दुकानात गेले. हे दुकान आणि स्टुडिओ एकच. मालकांना सगळे मुकेशभाई म्हणतात. आता बाजारात मिररलेस कॅमेरे आलेत. ते छोटे असतात आणि महाग. मला परवडला तो डीएसएलआर. यात आत एक आरसा असतो. लेन्समधून येणारं दृश्य तो आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतो. बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उचलला जातो आणि मागच्या सेन्सरवर उजेड पडतो. जुन्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असायची, तिथे आता सेन्सर असतो. मला तो खट्‌ आवाज फार आवडला. दुकानात मी तो तीनदाच ऐकला. जास्त वेळा दाबायला संकोच वाटला.

"ताई, लग्नं करणार ना?" मुकेशभाईंनी विचारलं.

"नाही. मिरची."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. हसत हसत त्यांनी कॅमेरा आत नेला, दहा मिनिटांनी बाहेर आणला. "सगळं सेटिंग करून दिलंय. तुम्ही फक्त बटण दाबा."

मी थँक यू म्हणाले. काय सेटिंग, हे विचारलं नाही.

पथारीवर पहिल्या दिवशी मी भर दुपारी गेले. ऊन जास्त म्हणजे फोटो चांगला, असं मला वाटत होतं. तोंडाला स्कार्फ बांधूनही ठसका लागत होता. सात-आठ बायका रांगेत बसून मिरची निवडत होत्या. त्यांच्यात पुढारी म्हणजे सुमनबाई. पन्नाशीच्या, सावळ्या, आवाज खणखणीत. मी अर्धा तास मिरचीसमोर उकिडवी बसले होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आमना बी काढ ना व फोटो. मिरचीनाच काढस का?"

मी त्यांचा एक काढला आणि मागच्या स्क्रीनवर दाखवला. त्यांनी कॅमेरा जवळ ओढला, मग लांब धरला.

"ही मी नही. ही मन्ही लहानी बहीण व्हई. ती गोरी शे."

"पावडर लायी का व सुमन?" शेजारची म्हणाली, आणि सगळी रांग हसली. मीही स्कार्फच्या आत हसले. त्या गोऱ्या का आल्या, हे तेव्हा मला कळलं नाही. त्यानंतर ऑफिसात जाऊन मी फोटो शेठना दाखवले आणि त्यांनी कुंकू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मुकेशभाईंच्या शटरसमोर उभी होते. पीस खराब निघाला तर सात दिवसांत बदलून मिळेल, असं बिलावर छापलेलं होतं. एसटीत मी एकच वाक्य मनात घोकत आले होते. कॅमेरा खराब आहे, बदलून द्या.

"कॅमेरा खराब आहे," मी म्हणाले. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

मुकेशभाईंनी फोटो पाहिले, लेन्स काढून आत फुंकणीने हवा मारली, पुन्हा बसवली. मग काही न विचारता कॅमेरा माझ्यावर रोखून बटण दाबलं.

"बघा. पीस एकदम ओके आहे. किती मस्त आलाय."

स्क्रीनवरची मुलगी माझ्यासारखीच होती, फक्त दोन शेड उजळ. गालावरचा डागही गेला होता. मला सुमनबाईंची बहीण आठवली.

"मुकेशभाई, तुम्ही यात नक्की काय सेटिंग केलंय?"

"तेच, लग्नाचं. सगळ्यांना करून देतो, पैसे घेत नाही. प्लस वन आणि विविड. इथे नवरी सावळी आली तर पार्टी अल्बम घेत नाही, ताई. पाहुणे फोटोग्राफरला शिव्या देतात."

यातलं प्लस वन म्हणजे काय ते सांगते. कॅमेऱ्यात उजेडाची एक पट्टी असते. ती शून्यावर असली की कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने उजेड घेतो. प्लसकडे सरकवली की जास्त घेतो आणि चेहरे उजळतात. विविड म्हणजे रंग गडद करणं. लग्नात हे खपून जातं. मिरचीत नाही. लाल रंग मुळातच भडक असतो. त्यात उजेड जास्त झाला की सेन्सर काठोकाठ भरतो. भरलेल्या वाटीत आणखी किती पाणी ओतलं हे सांगता येत नाही, तसंच सेन्सरलाही मग लाल आणि अधिक लाल यातला फरक कळत नाही. सुरकुती नाही, देठ नाही, सावली नाही. नुसता पत्रा.

"मग हे काढून टाका," मी म्हणाले.

"काढू? मग चेहरे आहेत तसेच येतील."

"चालेल."

त्यांनी नाइलाजाने पट्टी शून्यावर आणली. मी त्यांच्याकडून ती जागा पाहून घेतली आणि काउंटरवर उभ्या उभ्या चार वेळा वरखाली करून पाहिली. या वेळी संकोच वाटला नाही.

तिथून थेट पथारीवर गेले. फोटो सुधारले होते, पण पुरते नाही. उन्हात ढिगाच्या वरची मिरची चमकून पांढरी होत होती आणि तिच्या खालची काळी. मी जागा बदलून बदलून काढत होते. शेवटी सुमनबाईंनाच राहवलं नाही.

"उनमा काय देखी ऱ्हायनी तू? उनमा आख्खी लालच दिसस. आठे सावलीमा धर."

त्यांनी दोन मिरच्या उचलल्या आणि पदराच्या सावलीत धरल्या. उन्हात जुळ्या वाटणाऱ्या त्या मिरच्या सावलीत वेगळ्या दिसल्या. एक गडद, दुसरीचा शेंडा पांढुरका. रंग उडालेल्या अशा मिरचीला बाजारात फटकी म्हणतात. तिचा भाव कमी.

"आम्ही अशीच निवडतस," त्या म्हणाल्या. मी दोन वर्षं या मिरचीबद्दल ई-मेल लिहीत होते. रांगेतली प्रत्येक बाई पदर असा का धरते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्या पदराखाली एक फोटो काढला. पदर हिरवा होता. मिरची काळपट आली, कारण कापडातून येणारा उजेड कापडाचा रंग घेऊन येतो. पांढरं कापड हवं होतं, मोठं. पथारीवर पांढरं असं काहीच नसतं. मी बरीच पांढरी कापडं आठवली आणि मग मला ऑफिस आठवलं. शेठच्या बैठकीच्या गादीवर पांढरी शुभ्र चादर असते. ते तिच्यावर बसूनच सौदे करतात आणि ती रोज बदलतात.

ऑफिसच्या दारात मी चप्पल काढून मिनिटभर उभी राहिले.

"शेठजी, चादर हवी होती."

"कसली चादर?"

मी गादीकडे बोट दाखवलं. ते बसलेल्या जागेवरून थोडे हलले, पण उठले नाहीत.

"बेटा, ही लक्ष्मीची जागा आहे. मिरचीत नेणार?"

"मिरचीच्या वर धरणार. खाली टेकू देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उठले. म्हणाले, "चल, मीच घेऊन येतो." चादर माझ्या हाती सोडण्याइतका विश्वास नव्हता. एवढं मला चालण्यासारखं होतं.

चार बायकांनी चादरीची चार टोकं धरली. खाली उजेड पडला, ऊन नाही. दुधासारखा, सगळीकडे सारखा. मी बटण दाबलं. खट्‌. स्क्रीनवर पहिल्यांदा मिरची आली. देठ, सुरकुत्या, पोटातल्या बियांचा फुगवटा. रंग पोत्यात असतो तोच. मी पंधरा-वीस फोटो काढले आणि शेठना दाखवले.

त्यांनी आधी मान डोलावली. मग एक फोटो मोठा करून पाहिला आणि डोलणं थांबलं.

"ही फटकी? एवढी आहे?"

"हो."

"फोनात नव्हती दिसत."

"नाही."

शेठनी मला दोन पावलं बाजूला बोलावलं. "जरा लाल करून दे ना. कॉम्प्युटरवर होतं ते. माझ्या नातवालाही येतं."

मलाही येत होतं. एक मिनिटाचं काम. परवाचा वायदा होता, महिना मोजला जात होता आणि समोर मला पगार देणारा माणूस उभा होता. बरा दिसेल असा नकार मला सुचत नव्हता. म्हणून जे खरं होतं तेच म्हणाले.

"शेठजी, गाडी परत आली तेव्हाचा ई-मेल मी लिहिला होता."

"मग?"

"तसा पुन्हा लिहायला मला जमणार नाही."

शेठनी मिरचीकडे पाहिलं. चादरीचं एक टोक खाली येत होतं. ते त्यांनी स्वतः जाऊन वर उचललं, आणि तिथूनच म्हणाले, "सुमनबाई, हा ढीग पुन्हा निवडा. फटकी सगळी बाजूला. उद्या सकाळी ही फोटो काढेल, मग तेच चेन्नईला जातील."

"दोन दिननी मजुरी व्हई, शेठ," सुमनबाई म्हणाल्या.

"दिली."

सकाळी पुन्हा चादर धरली, पुन्हा फोटो काढले. फटकीचा वेगळा फोटोही पाठवला, कमी भावात हवी असल्यास कळवा म्हणून. तो सल्ला शेठचा होता, माझा नाही. धंदा त्यांना माझ्यापेक्षा कळतो.

फोटो पाहून त्यांनी माल मागवला. गाडी गेल्यावर बारा दिवसांनी चेन्नईहून ई-मेल आला. एक ओळ. "गुड्स ॲज पर फोटो." खाली दुसऱ्या लॉटची मागणी. मी "थँक यू" एवढंच लिहिलं आणि पाठवलं. ते मात्र एकदाच लिहून झालं.

महिना संपला त्या रविवारी पप्पांना तो ई-मेल दाखवला. त्यांनी पेपर तपासतात तसा वाचला.

"मंग फॉर्मनं काय?"

"नको."

"का पन?"

"मला वर्गात बोलता येणार नाही, पप्पा. आधीच सांगायला हवं होतं."

त्यांनी फोन परत दिला. थोड्या वेळाने विचारलं की शेजारच्या गावात त्यांच्या मित्राच्या पपईची पानं पिवळी पडलीत, कृषी अधिकाऱ्याला दाखवायला फोटो हवेत, कधी जमेल. बी.एड.च्या प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर मम्मी आता किराणा लिहिते.

आता मी मिरची, पपई, केळी यांचे फोटो काढते. कुणी नवीन कॅमेरा घेऊन आलं आणि विचारलं, तर दोनच गोष्टी सांगते. दुकानदाराने प्रेमाने काय सेटिंग करून दिलंय ते आधी पाहा. आणि ज्या वस्तूचा फोटो काढायचा, ती रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा की तो ती कशी पाहतो.

सुमनबाईंना मी त्यांच्या फोटोंचे दोन प्रिंट नेऊन दिले. एक पहिल्या दिवशीचा, गोरा. दुसरा मी नंतर चादरीखाली काढलेला, त्या आहेत तसा. मला दुसरा चांगला वाटत होता. त्यांनी दोन्ही निरखून पाहिले, दुसरा मला परत दिला आणि गोरा पिशवीत ठेवला.

"हा खरा नाहीये," मी म्हणाले.

"मिरची बाजारमा इकनी शे व माय," त्या म्हणाल्या. "माले कोन इकी ऱ्हायनं?"