सासऱ्यांच्या गच्चीवरचे टोमॅटो

माझ्या सासऱ्यांनी सल्ला दिला नाही असा शेतकरी साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या हातून एक मिरचीसुद्धा कधी पिकली नव्हती. शेती खात्यात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि औरंगाबादच्या घराच्या गच्चीवर त्यांनी बारा कुंड्यांत टोमॅटो लावले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागं बांधून ते कुंड्यांची पाहणी करत. झाडं माणसाच्या छातीला लागली, पानं तळहाताएवढी झाली, फुलं आली आणि गळली. सासऱ्यांनी युरिया वाढवला. पाखरांचा संशय आला म्हणून सगळीकडून हिरवी जाळी बांधली. फुलं तरी गळतच राहिली. दोन वर्षं हेच चाललं. सासूबाई शहागंजच्या बाजारातून टोमॅटो आणत, पण पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवून. जेवताना आमटीत टोमॅटोची फोड दिसली, की सासरे ती ताटाच्या कडेला सारत आणि म्हणत, "बाजारच्या मालाला चव नसते." त्यांना घरच्या मालाची चव कुठून ठाऊक, हे विचारायची माझी छाती झाली नाही. जावई असलो तरी जेवण त्यांच्याच घरी होतं.

मग एक दिवस वैजापूरकडचा एक म्हातारा शेतकरी नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. सासऱ्यांनी त्याला चहाच्या आधी गच्चीवर नेलं.

त्यानं जाळीत डोकं घातलं आणि म्हणाला, "साहेब, झाडं माजलीत ही. लई युरिया झाला. अन् वारं बंद केल्यावर फळ धरंल कसं? फूल हलाय पायजे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. आमच्या गावात सभा घेतली होती तुम्ही, कागद वाचून सांगितलं होतं. मी तसंच केलं. तवापासून टोमॅटोनंच घर चालवलं."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः जाळी सोडली, युरियाची पिशवी शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याला देऊन टाकली आणि सकाळी सकाळी एकेका फुलाच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मारू लागले.

थंडीत पाच टोमॅटो लाल झाले. सासूबाईंनी चाकू आणला, तर सासरे म्हणाले, "थांब." त्यातला सगळ्यात मोठा रुमालात बांधून ते मला घेऊन एसटीनं वैजापूरला निघाले. म्हाताऱ्यानं बांधावर बसून त्याच्या फोडी केल्या, मीठ लावलं, आम्हाला दिल्या. टोमॅटो जरा आंबटच होता.

आता सासरे नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला तो बांध दिसतो. तोंडातली फोड संपल्यावर त्यांनी चपला काढल्या, ओल्या मातीत पाय ठेवले आणि अगदी हळू आवाजात म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही पाणी कसं देता? जरा दाखवता का?"