न बोलावलेलं जेवण

उमापूरच्या गहिनीनाथ पाटलानं जन्मभर वाटसरूंना जेवू घातलं होतं आणि आता तो या पाहुणचाराला पार विटला होता. जमिनीच्या दाव्यासाठी निजामाच्या अदालतीत हैदराबादला गेला, तेव्हा वकिलानं त्याला भर शहरातल्या जुन्या नवाबी हाटेलात उतरवलं. संध्याकाळी जेवणाची घंटा वाजली. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून पाटील फेटा बांधून मखमली खुर्चीत बसून राहिला. कुणी आलंच नाही, आणि आपण होऊन पानावर जाऊन बसायची त्याला लाज वाटली. तो उपाशीच निजला.

जालना स्टेशनापासून बैलगाडीत हाडं खिळखिळी होऊन घरी पोचला, तर ओसरीवर एक अनोळखी वाटसरू आडवा झालेला.

"तुमी अंग टाका," बायको छबुबाई म्हणाली, "त्याला भाकर मी देते."

"न्हाई," पाटील म्हणाला. तो कसाबसा वाटसरूजवळ वाकला. "उठा पाव्हणं, जेवायला चला."